छत्तीसचा आकडा

सोमवार, ३ मार्च

सही केली! करायला नको होती.

सकाळी भाऊजींची शेवटची परीक्षा घेतली. जादा ऑक्सिजनची हवा घेऊन बुडी मारायची, तर हे प्रमाणपत्र लागतंच. लेखी पेपरात एकही चूक नाही. मग सिलिंडर पुढे ठेवलं. आत ऑक्सिजन किती ते यंत्राने मोजायचं, आकडा पट्टीवर लिहायचा, किती खोल जायचं ते ठरवायचं, खाली सही. जुनी पट्टी मी मुद्दाम तशीच ठेवली होती — बत्तीस टक्के. आत भरले होते छत्तीस. भाऊजींनी यंत्राला हातही लावला नाही. बत्तीस उतरवलं, पुढे लिहिलं चौतीस मीटर. छत्तीसला एकोणतीसच्या खाली जायचं नाही! गेलं की तोच जादा ऑक्सिजन विषारी ठरतो, केव्हाही झटके येतात, तोंडातली नळी सुटते, संपलं. दहा वेळा शिकवलंय.

दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे नापास. भाऊजी नुसते खाली बघत उभे. मी म्हटलं, "घाईत राहिलं असेल." आणि माझ्याच पेनाने आकडा दुरुस्त केला, प्रमाणपत्रावर सही ठोकली. नवऱ्याचा धाकटा भाऊ. घरचा माणूस!

मंगळवार, ४ मार्च

भाऊजी बोटीवर रुजू व्हायला गेले. पर्यटकांना पाण्याखाली न्यायचं काम, पहिली पक्की नोकरी. सासूबाईंचे डोळे भरून आले. नवरा म्हणाला, "तुझ्यामुळे मार्गी लागला तो."

गुरुवार, ६ मार्च

नवा वर्ग. "आपलं सिलिंडर आपणच मोजायचं. बायकोने मोजलं असलं तरी परत मोजायचं. बायकोने मोजलं असेल तर दोनदा!" सगळे हसले. दर वेळचा विनोद, आज माझीच जीभ अडखळली. मागच्या बाकावरची नर्स विचारते, "मॅडम, न मोजता कुणी पास होतं का हो?"

"नाही!" केवढ्याने ओरडले मी.

शुक्रवार, ७ मार्च

भाऊजींचा फोन लागत नाही. बोट रेंजबाहेर असेल. असेलच.

शनिवार, ८ मार्च

नवऱ्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "एका आकड्यासाठी त्याच्या पोटावर पाय देणार तू?" म्हटलं, पोट भरायला आधी माणूस जिवंत लागतो. ताटावरून उठून गेला. आता आमच्यातही छत्तीसचा आकडा.

रविवार, ९ मार्च

बोटीच्या ऑफिसात फोन केला. म्हटलं, कप्तानांना वायरलेसवर सांगा, भाऊजींना पाण्यात सोडू नका, परीक्षा मी नीट घेतलेली नाही. पलीकडचा माणूस दोनदा म्हणाला, "तुम्ही स्वतःच सांगताय हे?" स्वतःच. मग प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पत्र. काही लपवलं नाही.

सासूबाईंनी माझं एकटीचं ताट वाढून ठेवलं आणि आत गेल्या.

मंगळवार, ११ मार्च

चौकशी होईपर्यंत मी शिकवायचं नाही. सिलिंडर भरायच्या खोलीची किल्ली देऊन आले. घरी येऊन कपाट आवरलं. परत सगळं बाहेर काढलं, परत आवरलं. एका जागी बसवत नाही. भाऊजी काय म्हणतील? तोंड बघतील का माझं?

बुधवार, १२ मार्च

भाऊजी आले. बॅग दारातच टाकून सरळ स्वयंपाकघरात, माझ्यासमोर.

"वहिनी, मी बोटीवरून एकदाही पाण्यात उतरलो नाही. रोज कारणं सांगत होतो — कान दुखतोय, पोट बिघडलंय. खाली गेलं की छाती दडपते माझी. शिकायला लागल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळे एवढे खूश होते! म्हणून परीक्षेत यंत्राला मुद्दाम हात लावला नाही. वाटलं, तुम्ही तरी नापास कराल."