क्रुसाखालची वाळू

६ फेब्रुवारी १९८३, रविवार
चर्चमध्ये मिस्सेत फादरांनी इग्नेशियसचं नाव घेतलं. त्याला जाऊन तीन महिने झाले. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी समोर बघत होते.

८ फेब्रुवारी
वनखात्याचे रामनाथ पाटकर शाळेत आले. भुईगावचा किनारा राखीव करायचा विचार आहे — कासवं अंडी घालतात ती वाळू, सुरूची झाडं, खाजणातले पक्षी, टेकाडावरचा जुना दगडी क्रूस, सगळंच. पण आधी वाळूचे ट्रक थांबायला हवेत. "बाई, तुमच्या मिस्टरांनी दहा वर्षं कासवांची घरटी राखली. सभेत तुम्ही बोललात तर गाव ऐकेल."
बघते म्हटलं. ट्रक आमच्याच वाडीतून जातात. वाडी इग्नेशियस आणि माझा दीर फेबियन, दोघांच्या नावावर. इग्नेशियस गेल्यावर डिसेंबरात फेबियनने ट्रकांना वाट उघडली. मी तेव्हा काही विचारलं नाही. कशाचंच काही विचारत नव्हते.

११ फेब्रुवारी
किनाऱ्यावर गेले. टेकाड निम्मं गेलंय. क्रूस कललाय. लुईझा मासळी वाळत घालत होती. म्हणाली, "बाई, काल फावड्याखाली अंडी आली. शंभरेक तरी. कोनी थांबलं नाय."
वाळूवर पिवळे डाग सुकले होते. पाहिले. काहीच वाटलं नाही — हे बरं नाही.

१४ फेब्रुवारी
फेबियन आला. "वहिनी, सभेत बोलू नका. वाडीत आता पिकतंय काय? विहिरीचं पाणी खारं झालंय." वाळू गेली म्हणूनच ते खारं झालं. त्यालाही कळतं. चहा अर्धा ठेवून गेला.

१८ फेब्रुवारी
सभा झाली. मी बोलले. घरटी कुठे असायची, इग्नेशियस पहाटे कुंपण कसं घालायचा, सगळं सांगितलं. मग फेबियन उठला. त्याने कागद पुढे केला. वाडीतून ट्रक न्यायला दोघा भावांची संमती, तारीख गेल्या ऑक्टोबरची. म्हणजे इग्नेशियस असतानाची.
पाटकरांनी मला विचारलं, "सही त्यांचीच?"
तेच लांब शेपटीचं अक्षर. म्हटलं, "हो."
मागे कुजबुज. कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "तो चुकला. तरी ट्रक थांबवा." आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू आला.

१९ फेब्रुवारी
त्याचा फोटो भिंतीवरून काढला.

२२ फेब्रुवारी
मुलांचे पाढे घेतले. मुख्याध्यापक बेसिल सर म्हणाले, "असू दे बाई, माणूसच तो." मान हलवली.

२५ फेब्रुवारी
ट्रक थांबवायचा हुकूम आला. पाटकर स्वतः सांगायला आले. खूश होते. मी बरं म्हटलं.

२७ फेब्रुवारी, रविवार
मिस्सेला निघाले तर फेबियन दारात उभा. आत येईना. "वहिनी, ती सही मी केली. तो गेल्यावर. तारीख मागची टाकली. त्याला ऑक्टोबरात विचारलं होतं, तो नाहीच म्हणाला होता."
मग तो म्हणाला, "गावाला मी सांगतो."
मी म्हटलं, "सहीचं तू सांग. 'हो' मी म्हणाले होते. ते मी सांगेन."