रिठ्यानं लाल झालेले डोळे

यशदादा,
विरळ केस फुगलेले दिसले की वडूजची अंकिता होकार देईल, एवढाच तुझा हिशोब. त्यासाठी मी माझ्यासाठी भिजवलेलं रिठा-शिकेकाईचं पाणी न विचारता डोक्यावर ओतलंस, तेही उघड्या डोळ्यांनी! मग डोळे लालभडक होणारच.

तिच्या मामांनी बैठकीत विचारलं म्हणे, "पाव्हणं, भर दुपारचंच घेऊन आलाय व्हय?" तेव्हा 'डोळ्यात रिठा गेलाय' एवढंही तुझ्या तोंडून निघालं नाही. मिलिटरीचा गडी शिकेकाईनं न्हातो हे सांगायची लाज, पण दारुडा ठरलेलं चाललं! आणि घरी येऊन आईला सांगतोस, "प्रियानंच पाण्यात कायतरी मिसळलं." वा रे शूर!

त्यांचा नकार यायच्या आत पोचावं म्हणून पहिल्या एसटीनं वडूजला चाललेय. रिठ्याचं पाणी बाटलीत घेतलंय. मामांसमोर अंगणात बसून न्हाणार, डोळे उघडे ठेवून. बघू देत त्यांना.

तू तोवर डोक्याला खोबरेल लाव, रिठ्यानं केस कोरडे पडतात.

केस फुगले तुझे. जमलं तर बायकोही तुझीच. लाल डोळे मात्र चार, त्यातले दोन माझे.

प्रिया