आबांना हवा विद्यार्थी

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

कुपवाड (सांगली),
रविवार, १४ जुलै २०२४

ती. पल्लवीताईस,
धनाजीचा शि. सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. पहिल्या कागदावर खाडाखोड झाली म्हणून हा दुसरा. फोनवर मला निम्मं सुचत नाही, आणि आबांना फोनवरचं बोलणं खरं वाटत नाही. कागदावरचं वाचून दाखवलं की मात्र ऐकून घेतात.

आटपाडीकडे पाऊस तोंड दाखवून गेला. आई बरी आहे. मावशीचा फोन येतो. आपली लेक तिकडे जेवते की नुसती वाचते, हे मीच सांगावं असं तिला वाटतं.

आता मुद्द्याचं. पावसाळ्यात मी इथे कारखान्यात हेल्पर आणि दिवाळीनंतर आबांबरोबर मेंढरांमागे, हे तुला ठाऊकच आहे. यंदा मालक मला मशीनवर कायम घ्यायला तयार आहेत. अट एकच, दहावी पास. मी आठवीतून सुटलेला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, मुदत सप्टेंबरअखेर. पण परीक्षा फेब्रुवारीत, आणि तेव्हा आपली मेंढरं उंब्रजच्या बाजूला उसाच्या रानात खतासाठी बसवलेली असतात. आबांचा गुडघा गेला आहे आणि त्यांना पोरगा मी एकटाच. फॉर्म भरला तर कळप कोण हाकणार, न भरला तर मी जन्मभर हेल्पर. आबांचं मत विचारलं, तर म्हणाले की सव्वीस वर्षांचा घोडा बाकावर बसला तर बाक मोडंल.

तू तिकडे देशोदेशीच्या शाळांची आणि मोठ्या माणसांच्या शिक्षणाची धोरणं ताडून बघतेस. मला एवढंच सांग, तिकडे आठवीत सुटलेला माणूस पुढे काय करतो? लाजतो का? जेवणाच्या सुट्टीत शेडच्या सावलीला पडलो की समोरच्या पत्र्यावरचं ऊन मला बर्फासारखं दिसतं, आणि त्या बर्फात एक शाळा दिसते. तिचं दार उघडं असतं. आत कोण बसलंय ते मात्र दिसत नाही.

माया आहे ती थंडीनं गोठू देऊ नकोस.

तुझा,
धनाजी

आरहूस, डेन्मार्क,
३० जुलै २०२४

चि. धनाजीस,
अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांच्या मोठेपणावर आशीर्वाद द्यायचे म्हणजे जरा जास्तच होतं, पण तू साष्टांग घातलास म्हणून भाव खाऊन घेते. आईला सांग, मी जेवते. भाकरी मात्र माझी अजून नकाशासारखी होते.

तुझ्या प्रश्नावर मी दोन दिवस फिरत होते. माझं सगळं काम एका वाक्यात सांगायचं तर, माणसाला उशीर कधी झाला हे प्रत्येक देश आपापल्या मनानं ठरवतो. जर्मनीत बहुतेक ठिकाणी पोर दहा वर्षांचं झालं की कोण कुठल्या शाळेत जाणार हे ठरतं. मागे राहिलेल्यांसाठी पुढे संध्याकाळच्या शाळा आहेत. फिनलंडमध्ये पोरं सातव्या वर्षी शाळेत जातात आणि कुणी घाई करत नाही. स्वीडनमध्ये विशी ओलांडलेल्यानं राहिलेली शाळा पुरी करायची म्हटली, तर गावच्या कारभाऱ्यांनी त्याची सोय करायचीच, तो त्याचा हक्क आहे. पोर्तुगालमध्ये तू आयुष्यात जे काम करून शिकलास तेही तपासून शाळेच्या दाखल्यात धरतात. आणि इथे डेन्मार्कमध्ये मोठ्या माणसांच्या निवासी शाळा आहेत. परीक्षा नाही, मार्क नाहीत. सकाळी सगळे मिळून गाणं म्हणतात. मी एका शाळेत आठवडाभर राहिले. शेजारी एक सुतार होता, पन्नाशीचा. तो लाजत नव्हता. गात मात्र फार वाईट होता.

हे आबांना नक्की वाचून दाखव: स्पेनमध्ये मेंढपाळ व्हायची शाळा आहे. शहरातली शिकलेली माणसं काही आठवडे वर्गात बसतात आणि मग जुन्या मेंढपाळाबरोबर डोंगरात राहून काम शिकतात. आबा तिकडे असते तर गुरुजी झाले असते.

तू फॉर्म भर असं मी म्हणणार नाही. माझे वडील फौजेत, आई गावातच राहिली, म्हणून मला एका जागी शाळा मिळाली. तुझी शाळा दर दोन महिन्यांनी बिऱ्हाडाबरोबर हलली. सल्ला देणं मला सोपं आहे. पण मुदत लक्षात ठेव.

आठवण काढत जा, मी इकडून उत्तर देत जाईन.

पल्लवी

कुपवाड,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

ती. पल्लवीताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, एक घोटाळा झाला आहे. दोष तुझा नाही, वाचणाऱ्याचा आहे.

गुरुवारी सुट्टी होती, पुढे दोन दिवस रजा टाकून गावी गेलो आणि तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. जर्मनीचं ऐकून ते म्हणाले की दहा वर्षांच्या पोराचं काय कळतंय, कोकराचं नर-मादीशिवाय काय कळत न्हाई. डेन्मार्कच्या गाण्याला मान डोलावली. स्पेन आलं तसे सरसावून बसले. पुन्हा वाच म्हणाले. मी वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं, तेव्हा मी कंटाळून भरभर वाचलं आणि तिथेच चुकलो असेन.

शनिवारी आटपाडीच्या बाजारात आबांनी सगळ्यांना सांगितलं की पल्लवी तिकडनं एक विद्यार्थी धाडणार हाय, यंदा आपल्या कळपाबरोबर चालायला. कुणी विचारलं की भाकरी खाईल का, तर आबा म्हणाले की मेंढरं खातील ते खाईल, शिकायला येतोय का पावणा म्हणून. शेजारच्या बयाबाई आजीनं तर त्याचं लगीन इथेच लावायची तयारी दाखवली. परत येताना आबांनी उंब्रजच्या केरबा पाटलांना फोन करून हीच बातमी दिली, कारण आपली मेंढरं पहिल्यांदा त्यांच्याच रानात बसतात.

मी समजावलं. आबा ऐकत नाहीत. म्हणतात की मग पल्लवीनं लिवलं कशापायी? आईला मात्र समजलं आहे. ती म्हणाली, त्यांना विद्यार्थी हवा आहे, तुला सोडायला. तोंडानं सोडवत नाही म्हणून स्पेनला बोलावत आहेत.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. काल मेंढरं माळावर पांगली होती आणि ढगाच्या सावल्या त्यांच्यावरून जात होत्या. मला वाटलं, ही सगळी पोरंच आहेत, कुठल्या तरी देशातल्या शाळेच्या मैदानावर सुटलेली, आणि घंटा व्हायची आहे. मी बराच वेळ घंटेची वाट पाहत उभा राहिलो.

फॉर्म कोरा आहे. रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझा,
धनाजी

आरहूस,
२ सप्टेंबर २०२४

चि. धनाजीस,
आशीर्वाद, आणि थोडा राग.

मी वाचून हसले आणि मग ग्रंथालयाबाहेर जाऊन बसले. आबांना माझा नमस्कार सांग आणि सांग की मी धोरणं अभ्यासते, माणसं पार्सल करत नाही. स्पेनच्या विद्यार्थ्याला तिकडचा व्हिसा, तिकडचं ऊन आणि आबांच्या शिव्या, तिन्ही झेपणार नाहीत.

पण मावशी म्हणाली ते मी माझ्या वहीत नाही, मनात लिहून ठेवलं आहे. इतक्या देशांच्या धोरणांत एक प्रश्न मला कुठेच भेटला नव्हता: शिकायला निघालेल्या माणसाच्या मागे राहिलेलं काम कोणी करायचं? काही देश पगारी रजा देतात. मेंढरांना रजा देणारा देश मला अजून सापडलेला नाही.

विद्यार्थी स्पेनचाच हवा असं आबांनी म्हटलं आहे का? विचारून बघ.

तब्येत सांभाळ, ओढ कायम राहू दे.

पल्लवी

कुपवाड,
शुक्रवार, २७ सप्टेंबर २०२४

ती. पल्लवीताईस,
शि. सा. न. वि. वि.

विद्यार्थी मिळाला. स्पेनचा नाही, उंब्रजचा.

केरबा पाटलांचा वीरधवल तुला आठवत नसेल. डी.एड. करून भरतीची वाट पाहतो आहे, इतकी वर्षं की शाळेतली पोरं त्याला सर म्हणायची थांबली. वडिलांनी हसत हसत सांगितलेली आबांची बातमी त्यानं ऐकली आणि गेल्या रविवारी मोटरसायकलवरून थेट आमच्या दारात. म्हणाला की परदेशी पावणा आला नसंल तर मला घ्या. उसाच्या जोडीला त्याला स्वतःची मेंढरं पाळायची आहेत, आणि पुस्तकातून ते येत नाही. केरबांनी आबांना फोनवर सुनावलं की बागायतदाराचं पोरगं मेंढरांमागं लावता व्हय. आबा म्हणाले, आवं पाटील, आमचं पोरगं मशीनमागं चाललंय, तवा आमी काय बोललो का?

ताई, आबांच्या तोंडून माझं जाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, फोनवर, दुसऱ्याला सांगताना.

प्रवेशाच्या वेळी आबांनी वीरधवलला बजावलं की आमच्या शाळंत मार्क न्हाईत, पास-नापास लांडगा सांगतोय. उन्हाळ्यात कळप परतेपर्यंत तो चालणार. बदल्यात रविवारी फोनवर मला गणित शिकवणार. बीजगणित सांगताना मागून मेंढरं ओरडतील, त्याची आधीच माफी मागून ठेवली आहे.

काल नेटकॅफेत बसून फॉर्म भरला. नाव, वडिलांचं नाव, शेवटची शाळा, सगळं दोनदा तपासलं. पाठवायचं बटण दाबायला मी इतका वेळ लावला की शेजारच्या पोरानं विचारलं, बरं नाही का. मी म्हणालो, परदेशी चाललोय.

आता मागे ओढू नकोस, पाठीवर हात मात्र ठेव.

तुझा,
धनाजी

कुपवाड,
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

ती. पल्लवीताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल मराठीचा पेपर झाला. दारावरच्या बाईंनी मला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं. मी हॉल तिकीट दाखवलं. त्यांनी फोटोकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. माझ्या मागच्या बाकावर राजेश्वरी नावाची मुलगी होती. घंटेआधी तिनं विचारलं की दादा, तुम्हालाही भीती वाटते का. मी हो म्हणालो, तर तिला फारच बरं वाटलं.

बाक मोडला नाही. लिहिता लिहिता मी मध्येच खिडकीकडे पाहिलं. बाहेर कडुलिंबाची पानगळ चालली होती, आणि मला एकदम वाटलं की ती पत्र्यावरच्या बर्फात दिसणारी शाळा हीच होती. आत कोण बसलंय ते या वेळी दिसलं. मग दहा मिनिटं वाया गेली असं लक्षात आलं आणि उरलेला निबंध घाईत लिहिला. घाईतली चूक कुठे राहिली असेल, याचीच धास्ती आहे.

पेपर सुटल्यावर आबांना फोन लावला. कळप उंब्रजच्या पुढे गेला आहे. वीरधवलनं विताना अडलेल्या एका मेंढीची सोडवणूक एकट्यानं केली, ते आबांनी आधी पाच मिनिटं सांगितलं. लांडग्यानं त्याला अजून नापास केलेलं नाही, हेही सांगितलं. माझ्या पेपराचं काही विचारलं नाही.

नंतर म्हणाले की ही दहावी झाली म्हणजे झालं का, का पुढं आणखी असतंय? मी म्हणालो की पुढे बारावी असते, आयटीआय असतं, आणि पल्लवीताई सांगते त्याप्रमाणे काही देशांत तर माणसाला थांब म्हणणारं कुणीच नसतं.

मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. मग आबा म्हणाले की हा वीरधवल तर आता शिकून झालाय, उन्हाळ्यानंतर सवताचा कळप करंल. म्हंजी पुढच्या साली मला दुसरा विद्यार्थी बघाय पायजे.

सोमवारी पुढचा पेपर आहे, म्हणून इथेच थांबतो. तुझ्या जिव्हाळ्यावर विसंबून आहे, ते तसंच राहू दे.

तुझा,
धनाजी बिराप्पा