बचतरावांचा 'नाही' म्हणायचा धडा

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला गेला का? पोरं अंगाने वाढताहेत की नुसती जिभेने? मी इथे ठणठणीत आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही, त्याचं कारण सविस्तर देते, बसून वाच.

तुला माहीतच आहे, जिन्याखाली मशीन टाकून मी लोकांच्या पँटी आखूड करते आणि चेन बदलून देते. आता नव्या मार्केटात एक गाळा रिकामा होतोय. भाडं परवडणारं, आणि वर खिडकीसुद्धा. (खिडकी! सुईत दोरा ओवायला भर दुपारी दिवा लावायला नको.) पण मार्केट कमिटीची अट अशी, की कमी मिळकतवाल्यांनी गाळ्याआधी 'आर्थिक साक्षरता वर्ग' पास करायचा. म्हणजे ज्यांनी जन्मभर तुटपुंज्या पैशांत महिना रेटला, त्यांना पैसा कसा वापरावा हे शिकवायला बँकेतून एक गुळगुळीत तरुण आणलाय. त्यांचं नाव आम्ही बचतराव ठेवलं. बचतरावांकडे चित्रांचा गठ्ठा आणि दोन ट्रे, एक 'गरज' आणि एक 'चैन'. रिक्षा चैनीत गेली, बाहेरचा चहा चैनीत गेला, आणि शिंप्याचं चित्र निघालं तेही त्यांनी बिनदिक्कत चैनीत टाकलं. कपडे म्हणे घरीच दुरुस्त करावेत. मी समोर पहिल्या रांगेत! (त्यांच्या स्वतःच्या पँटीची खालची शिवण उसवलेली, ती स्टेपलरच्या पिना मारून वर धरली होती. मी तोंड उघडलं नाही. गाळा मला हवाय.) मग त्यांनी विचारलं, महिनाअखेरीला उरलेली रक्कम तुम्ही कुठे ठेवता? हॉल असा काही हसला की खालच्या दवाखान्यातून कंपाउंडर धावत वर आला. बचतरावांनी अहवालात लिहिलं, 'शिकणाऱ्यांत उत्साह आहे.'

कडेलोट झाला तो 'नाही म्हणायला शिका' या धड्याला. गरिबाचा पैसा नातेवाईक खातात, हा बचतरावांचा शोध. त्यांनी आमच्याच वर्गातल्या इस्त्रीवाल्या काकांना उसने मागणारा मेहुणा केलं आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना ठाम नकार द्यायचा असं ठरलं. काका आले, खुर्ची ओढून बसले, आणि पैशाचं नावच काढेनात. याच्या पोराची चौकशी, तिच्या पाठदुखीची चौकशी, पंखा काय छान फिरतोय. मग दोनदा घसा खाकरला. मग उठून म्हणाले, "चला, येतो. सहजच आलो होतो." आता नाही म्हणायचं तरी कशाला? डबे पुरवणारी बाई त्यांच्या मागे धावली, "अहो थांबा, किती हवेत ते तरी सांगा!" मलाही हुंदका आला, खोटं कशाला बोलू. आणि खुद्द बचतरावांनी पाकीट बाहेर काढलं! काढल्यावर त्यांना आठवलं की वर्ग आपणच घेतोय.

त्या रागात त्यांनी आम्हाला सरसकट नापास केलं आणि गृहपाठ दिला. प्रत्येकाने खऱ्या नातेवाइकाच्या मागणीला नकार द्यायचा आणि 'मला नकार मिळाला' असं त्याच्याकडून सहीनिशी लिहून आणायचं. (आधी माणसाचा अपमान करा आणि मग त्याच्याचकडून पावती घ्या. बँकवाल्यांनाच सुचणार हे.) बाकीच्यांची चंगळ आहे. काकांच्या दारात भाचे ताटकळत असतात, त्यातला एक ते मला द्यायलाही तयार होते. पण बचतराव म्हणतात, स्वतःच्याच रक्ताचा हवा. माझ्या रक्ताचा तुझ्याशिवाय आहे कोण? कागद वेळेत दिला नाही तर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला जाईल आणि मी जन्मभर जिन्याखाली.

वहिनीला नमस्कार. पोरांना आशीर्वाद आणि एकेक धपाटा.

तुझी धाकटी

ता. क. काम थोडक्यात असं, की उलट टपाली माझ्याकडे पैसे माग. कितीही माग, मी देणार नाहीच आहे. सोबतच्या कागदावर आकडा लिहून खाली सही कर. तू कधी कुणापुढे हात पसरला नाहीस हे ठाऊक आहे, पण बहिणीच्या गाळ्यासाठी एवढं कर.

आणखी एक ता. क. पत्र इथवर लिहून झालं आणि वहिनीचा फोन आला. टेम्पो विकलास म्हणे, आणि अजून रोज सकाळी जुनी किल्ली खिशात घालून बाहेर पडतोस. हे तुझ्यापाशी बोलू नको असं तिने मला चारदा बजावलंय, म्हणून बोलत नाही, नुसतं लिहितेय. दादा, गाळ्याच्या अनामतीसाठी जमवलेले पैसे माझ्याकडे पडून आहेत. बचतराव नापास करतील तर करू देत, मी पुढच्या वर्गाला परत बसेन. त्या कागदावर सही नको करूस. आकडा मात्र खरा लिही.