निळ्या फुलीची पेटी

ढाका. सोमवार, डिसेंबर २००६.

हे आंघोळ करून राहिले, तोवर लिहून घेते. हात दोनदा साबणानं धुतले, वास जातच नाही.

सकाळी हे, आमचे संत्रे ज्याले पाठवले त्या इथल्या फळांच्या व्यापाऱ्याकडे गेले. खोलीत कटाळा आला म्हणून मी एकटीच शहर पाहाले निघाली. रिक्षाच रिक्षा, पाटी एक वाचता येईना. हॉटेलची गल्ली चुकू नये म्हणून वळणं घोकत चालली होती, तर एका हातगाडीवर आमची पेटी! ती निळी फुली मीच मारली होती, वरूडले, आमच्या अंगणात. आतले संत्रे चांगले टणक. घरच्या सवयीनं एक उचललं, देठापाशी नख मारलं, हुंगलं. ताजं होतं.

आन् व्यापारी तर कालच ह्यायले म्हणाला, तुमचा सगळा माल वाटेतच सडला, फेकून द्या लागला.

मंग पेटी गाडीवर कशी? ह्यायले सांगू का? राग आला की हे मागचं-पुढचं पाहत नाहीत. वरूडले चार माणसं धावून येतील, इथं कोण हाय? दोघांचेही पासपोर्ट त्याच व्यापाऱ्यानं ठेवून घेतले. निळी फुली डोळ्यापुढून हटत नाही. घरी गेल्यावरच सांगावं. हो, तसंच.

पण मघाशी हे आले, जवळ बसले. माहा हात हातात घेतला आन् थबकले.

"तुह्या हाताले संत्र्याचा वास काहून येऊन राहिला?"

मी हात पदराखाली ओढून घेतला. "आंघोळ करून येतो, मंग सांग," म्हणाले.

नळ बंद झाला.