वहिनी आणि आभाळातलं कडं

मोहगाव, गुरुवार, १२ डिसेंबर

विमानाचा पांढरा धूर विषारी असतो हे आईने कुठूनतरी ऐकलं, असं मी सोमवारी लिहिलं. ते खरं नाही. मोबाइलवर आलेला तो मेसेज मीच तिला वाचून दाखवला होता.

पुढे एका विमानाने आभाळात त्या धुराचं गोल कडं काढलं आणि वहिनी कापूस वेचायची थांबून वर बघत राहिली. आठवड्याने तिचं पोटातलं तिसऱ्या महिन्यातलं बाळ गेलं. तेव्हापासून आईचं एकच. "सूर्याच्या गिराणात पोटुशा बाया बसतात तसं घरात बस म्हटलं, तर ही आभाळ पाहून राहिली होती."

आज आईला सांगितलं, तो धूर नाही, गोठलेली वाफ असते. नागपूरला उतरायला थांबावं लागलं की विमान तसं फिरतं. डॉक्टरही म्हणाले, दोष कोणाचाच नाही.

"तवा तूच वाचलं नं? घरात शिकेल-सवरेल तू एकटीच. आता वहिनीसाठी बदलून राहिली का?"

तेव्हा खात्री का नाही केली मी?

संध्याकाळी भाकरी थापता थापता वहिनीने विचारलं, "ताई, म्या वर नसतं पाह्यलं तर राह्यलं असतं का वं?" कडं सुंदर दिसलं म्हणून पाहिलं, म्हणाली. मी म्हटलं, नसतं राहिलं. तिला पटलं नाही. तिच्याही मनात माझं पहिलं वाचनच बसलंय.

तिचे वडील रामाकोन्याहून तिला न्यायला येणार आहेत. आई त्यांनाही हेच सांगेल. तिच्याआधी सगळ्यांसमोर मी बोलणार, की तो मेसेज मी वाचला आणि तो खोटा होता. ते येतील त्याच दिवशी, रविवारी, पंधरा तारखेला.