झेनझुख्ट

कुंभार पिंपळगाव,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनी, अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडील सर्व यथास्थित. ऊस गेला. शेजारच्या नंदाबाईंनी ओसरीवर भडक हिरव्या फरशा बसवल्या. अभिरुचीचा प्रश्नच नाही.

मुद्द्याकडे येतो. तीन वर्षांपूर्वीच्या तुझ्या शेवटच्या पत्रात ‘झेनझुख्ट’ हा जर्मन शब्द होता. ‘झेनेन’ म्हणजे ओढ लागणे आणि ‘झुख्ट’ हे शोधण्यावरून आले, असे तू लिहिलेस. ही लोकसमजूत आहे. ‘झुख्ट’चे मूळ आजारपणाच्या जुन्या शब्दात आहे. म्हणजे, ओढीने जडलेले दुखणे. हे मी तेव्हा दीड पानात समजावले आणि तुझे पत्र, नेहमीप्रमाणे, लाल शाईने तपासून लाइपझिगला परत पाठवले. त्यानंतर तुझे पत्र नाही.

सरावासाठी घरी जर्मनमध्येच लिहावे, हा नियम माझा. तुझ्या आईला त्यातले अक्षर कळत नसे. ती विचारी, ‘काय लिव्हलंय पोरीनं?’ मी सांगे, ‘सात चुका.’

दिवाळीनंतर आईची उजवी बाजू गेली. बोलणे दिवसेंदिवस अस्पष्ट होत आहे. हे आधी कळवायला हवे होते.

मंगळवारी तिने हट्ट धरला. ‘चुका ऱ्हाऊ द्या तुमच्या. पत्र वाचा.’ त्या शेवटच्या पत्राची झेरॉक्स माझ्या फाइलला होती. मी मराठीत वाचू लागलो. ‘बाबा, इथे मला जमत नाही. ड्यूटीवरून आले की घास उतरत नाही. घरी येऊ का?’

हे वाक्य मी पूर्वी वाचले होते. त्यातील क्रियापदाची जागा सुधारली होती.

‘मंग तुमी काय लिव्हलं तिला?’

‘ये म्हणून लिहिले.’

छत्तीस वर्षे भाषा शिकवली. इतके सरळ खोटे कधी बोललो नव्हतो. तिच्या लेखी, मी बोलावले आणि तू आली नाहीस. मला वाटले, ती तुझ्यावर रागावेल. ती म्हणाली, ‘माजी पोरगी अशी न्हाई. पोस्टातच हरवलं असंल. जल्दी दुसरं लिव्हा. अन् मराठीत लिव्हा.’

म्हणून हे दुसरे पत्र. पहिले नव्हतेच, हे तिला सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. चार मसुदे फाडले. ती पलंगावरून विचारते आहे, ‘झालं का लिव्हून?’

ये.

तीन वर्षे उशिराने,
तुझे बाबा